हम्फ्रीचा आवडता पाठ

खड्ड्याच्या तोंडाशी टेकवलेला हम्फ्री चौघांनी पुन्हा उचलला आणि चर्चकडे माघारी वळवला. इंग्रजीतलं बायबल गावात आलं तेव्हाच, चोरीला जाऊ नये म्हणून, ते मेजाला साखळीने बांधलं होतं. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे असे, तो आज बाजाराला गेला होता. पुस्तक मढ्याकडे येईना, म्हणून मढं पुस्तकाकडे निघालं.

"जिवंतपणी याला चर्चात आणायचं म्हणजे ओढून आणावं लागायचं," खड्डा खणणारा वॉट म्हणाला. "आज दुसरी खेप."

थॉमसिनने चालता चालता नवऱ्याच्या कफनाची सुटलेली गाठ आवळली.

हम्फ्री घरं शाकारायचा. एरवी चर्चची वाट न धरणारा हा माणूस नाताळच्या पहाटे मात्र सर्वांच्या आधी हजर असे. फादर लॅटिनमधला एक लांबलचक पाठ गात आणि हा रडे. गावात कुणालाच त्यातलं अक्षर कळत नसे. मला पुरताना तेवढा म्हणायला लाव, असं त्याने बायकोकडून वदवून घेतलं होतं. पण आता राजाचा हुकूम होता: जे वाचायचं ते इंग्रजीत.

"बाई, दुसरं काहीतरी वाचू," फादर एडमंड हळूच म्हणाले. "'देव माझा मेंढपाळ' वगैरे. लोकांना आवडतं."

"शब्द दिलाय, फादर."

फादरनी वाचायला घेतलं. येशूच्या घराण्याची वंशावळ होती ती. अमक्याला तमका झाला. तमक्याला आणखी कुणी झाला. पान संपत आलं तरी पोरं होतच होती.

मागे कुणीतरी खाकरलं. हम्फ्रीला मूल नव्हतं.

"एवढ्यासाठी रडायचा होय," वॉट पुटपुटला. "लोकांच्या बारशांना."

थॉमसिनचे कान लाल झाले. फादर थांबले.

"इथवर पुरे?"

"शेवटपर्यंत वाचा."

शेवटी योसेफ आला. त्याला कोण झालं, ते आलंच नाही. तो मरियेचा नवरा, एवढंच. येशू जन्मला तो तिच्या पोटी.

"म्हणजे योसेफाचं नव्हे?" थॉमसिनने विचारलं.

"नव्हे."

"नुसता नवरा?"

"नुसता नवरा."

"तरी नाव घातलंय."

फादरनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "घातलंय."

थॉमसिनला वाचता येत नव्हतं. तरी ती वाकून बोटाखाली बराच वेळ बघत राहिली. वॉटने टोपी काढली.

"उचला," ती म्हणाली. "आता येईल तो."