दोन्ही हात शिडीवर

क्रेनवाल्याला साइटवर सगळे ‘वरचा’ म्हणायचे. सळया वेळेवर आल्या नाहीत की मुकादम आभाळाकडे हात जोडून म्हणे, “वरच्याच्या मनात असेल तेव्हा.” लोक हसत. ते हसणं त्याला वरून दिसे, ऐकू येत नसे.

सकाळी शिडी चढला की संध्याकाळपर्यंत त्या काचेच्या कॅबिनमध्ये तो एकटाच. घरीही कोणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरली बहीण दुसऱ्या गावी. दिवसभर त्याच्याशी बोलणारा माणूस एकच, तोही वॉकी-टॉकीतून. खाली उभं राहून ‘उचल’, ‘डावीकडे’, ‘सोड’ सांगणारा सिग्नलवाला. त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, म्हणून तो पोपट. दोन इशाऱ्यांच्या मधे तो मुलीचा अभ्यास, सासऱ्याची दाढदुखी, सगळं सांगून मोकळा व्हायचा. क्रेनवाला नुसता ‘हं’ म्हणायचा. पण त्याचा स्वतःचा दिवस त्या ‘हं’वरच निघायचा.

पुढे पोपट पिऊन कामावर यायला लागला. क्रेनवाल्यानं समजावलं, दटावलं. एकदा पोपटानं ‘सोड’ म्हटलं तेव्हा लटकत्या सळयांच्या बरोबर खाली एक गवंडी वाकून काम करत होता. वरून दिसला म्हणून वाचला. त्या संध्याकाळी क्रेनवाल्यानं मुकादमाला खरं ते सांगितलं आणि पोपटाची नोकरी गेली. नवा सिग्नलवाला कामापुरतं बोलायचा. वॉकी-टॉकी तासन् तास मुका असायचा.

“त्याला बघून घेतो,” असं पोपट फाटकापाशी म्हणाल्याचं क्रेनवाल्याच्या कानावर आलं. पोपट बोलणारच, म्हणून त्यानं ते मनावर घेतलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत खाली सगळे पांगले होते. उकाड्यानं जीव नकोसा झाला म्हणून त्यानं कॅबिनच्या जमिनीतलं, शिडीच्या तोंडावरचं लोखंडी झाकण उघडं ठेवलं होतं. डबा उघडतोय तोच शिडी थरथरली. वाकून पाहिलं, तर पोपटाची बोटं भोकाच्या कडेवर आलेली. कमरेला हातभर लांबीचा पाना खोचलेला. सुरक्षेचा पट्टा नाही, दोर नाही.

क्रेनवाल्यानं झाकणाची मूठ धरली.

“पोपट, खाली जा.”

“खाली काय राहिलंय माझं?”

“पाना कशाला आणलास?”

“तुला वरून सगळं दिसतं ना? मग विचारतोस काय?” तो धापा टाकत होता. “तुझं डोकंच फोडणार आहे आज.”

झाकण पाडलं असतं तर बोटं चिरडली असती आणि माणूस गेला असता. क्रेनवाल्याला एवढंच दिसत होतं, की पोपटाचे दोन्ही हात शिडीवर आहेत तोवर तो मारू शकत नाही. एक हात सुटून पान्याकडे गेला, की तो मारणार. पण तोवर अर्धं अंग वर आलेलं असणार, मग झाकणाचा काय उपयोग? पाडायचं तर आत्ताच. आणि आत्ता तर समोर नुसता शिडीला लटकलेला माणूस होता.

“शेवटचं सांगतो,” तो म्हणाला. “मी हे पाडीन.”

पोपटानं खाली पाहिलं होतं. त्यानं डोळे घट्ट मिटले. इतकी वर्षं क्रेनखाली काढली, पण तो वर कधी चढला नव्हता. ओठ हलले. “फिरतंय,” असं काहीतरी म्हणाला.

क्रेनवाल्याची मूठ सैल झाली. पोपट कोपरांवर रेटत आत आला, गुडघ्यांवर उभा राहिला आणि त्यानं पाना काढला. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज क्रेनवाल्यानं ऐकला. दुसरा डोक्यावर यायचा तो काचेवर गेला. झटापटीत पोपटाची टाच भोकाच्या कडेवर आली. नुसता धक्का पुरे होता. क्रेनवाल्यानं चांगल्या हातानं त्याची कॉलर पकडून आत ओढलं आणि लाथेनं झाकण लावलं.

मग दोघं जमिनीवर बसून राहिले. काच फुटल्याचा आवाज ऐकून माणसं वर येईपर्यंत पोपट पाना मांडीवर घेऊन तसाच होता.

“झाकण पाडायचं होतंत,” तपासाला आलेले साहेब इस्पितळात म्हणाले. “कायदा तुमच्या बाजूनं होता.” साइटवरची माणसं तर त्याला वेड्यातच काढत होती. हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा त्याला स्टोअरमध्ये हेल्मेटं द्यायला बसवलं. लोक येत, हेल्मेट घेत, त्याच्या खांद्याकडे बघत आणि जात.

बहिणीनं फोनवर विचारलं, “अरे, दुसरा घाव डोक्यात बसला असता तर?”

“तर मेलो असतो, ताई.”

“मग? एवढा पुळका होता त्याचा?”

“पुळका नाही गं. भीती वाटत होती. पण हातच खाली येईना. बरोबर केलं का चूक, अजून कळत नाही.”

“जेवलास का?” एवढं विचारून ताईनं फोन ठेवला.

पोपटाला शिक्षा झाली. एका सुट्टीच्या दिवशी क्रेनवाला दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तुरुंगात गेला. शर्टाच्या बाहीत हात घालायलाच त्याला बराच वेळ लागला होता. भेटीच्या खोलीत बाकावर इतर माणसांच्या बायका, आया बसल्या होत्या.

“कोण तुम्ही त्याचे?” शिपायानं विचारलं.

त्यानं बाकावरच्या बायकांकडे पाहिलं. “एकत्र कामाला होतो,” तो म्हणाला.

शिपाई आत जाऊन आला. “नको म्हणतो भेट.”

“काही बोलला?”

“नाही. नुसती मान हलवली.”

क्रेनवाला तरीही भेटीची वेळ संपेपर्यंत बाकावर बसून राहिला. शेजारच्या म्हातारीनं त्याला पुढच्या भेटीचा वार विचारला. तो त्यानं शिपायाकडून आधीच विचारून घेतला होता. त्यानं सांगितला.