किल्ल्यातली शिट्टी

सुरतेच्या किल्ल्यात तोफ दिसताच आमचे हे इतक्या जोरात बोलले, की सगळे वळून बघायला लागले.

"अहो, हळू! हा काय लूमचा कारखाना आहे?" मी दबक्या आवाजात दटावलं. पण यांचं लक्षच नाही. वीस वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. डिंडोलीच्या घरीही तेच.

तेवढ्यात हे दोरी ओलांडून तोफेवर हात फिरवायला लागले. रखवालदार धावत आला आणि त्याने यांच्या कानामागेच शिट्टी फुंकली. आमची धनश्री दचकून मला बिलगली. हे मात्र शांतपणे हात फिरवत राहिले.

"ऐकू येत नाही का यांना?" रखवालदार माझ्यावर खेकसला.

हेच मी रोज चिडून विचारायची.

"नाही येत," मी म्हणाले.