बसवलेले ठिपके

"मॅडम, सगळे ठिपके रेषांच्या आत आले," हितेंद्रने जर्नल माझ्यासमोर ठेवलं. आले नव्हते, त्याने आणले होते. माझं डोकंच फिरलं.

बी.एस्सी.च्या मुलांना मी संख्याशास्त्र शिकवते. दरवर्षी कंट्रोल चार्ट पुस्तकातल्या बोल्टच्या मापांवर काढायचे; प्रत्येक मापाचा एक ठिपका, तो दोन मर्यादारेषांच्या बाहेर गेला की यंत्र बिघडलं समजायचं. यंदा जळगावच्या एका डाळमिलच्या मालकाला गळ घालून पोरांना खरी पाकिटं तोलायला नेलं. विभागप्रमुखांनी आधीच बजावलं होतं, "निकाल बिघडला तर पुढच्या वर्षी पुन्हा पुस्तक."

"अरे, दुपारनंतर पाकिटं हलकी भरत होती. मी तिथेच उभी होते. ती कुठे गेली?"

"ती काढली. फिजिक्सलाही रीडिंग बसवावीच लागतात, मॅडम."

यंत्र कुठे चुकतं ते दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप, आणि ही पोरं नेमकी चूकच खोडून आणतात. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

एकट्या डिंपलचे काही ठिपके खालच्या रेषेबाहेर होते. शेजारी तिने लिहिलं होतं, 'पाकिटं कमी भरतात, यंत्र तपासावं.' मी वर्गासमोर तिचं तोंडभरून कौतुक केलं. मला फार बरं वाटलं होतं.

परीक्षेला धुळ्याहून परीक्षक आले. हितेंद्रला त्यांनी पैकीच्या पैकी दिले. डिंपलच्या ठिपक्यांवर लाल फुली मारली.

"चार्ट चुकलाय."

"सर, चार्ट बरोबर आहे. मिल चुकतेय."

"आपल्याला काय मिल सुधारायचीय, मॅडम?"

"हो. विषयच तो आहे."

ते हसले आणि त्यांनी पुढचं जर्नल ओढलं.

डिंपल व्हरांड्यात थांबली होती. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारी पोरगी घरच्या बोलीत म्हणाली, "बठ्ठास्ना ठिपका मझार शेत, मनाच बाहेर." सगळ्यांचे ठिपके आत, तिचेच बाहेर. मग सावरून विचारलं, "उद्या परीक्षेत वर्गातच पाकिटं तोलायचीत. हेच सर असतील ना?"

"असतील."

"मग मीपण बसवू का?"

'नको' म्हणायचं होतं. पण तिचे मार्क माझ्याच शब्दावर गेले होते. मी घरी जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या चार्टवर सगळे ठिपके आत होते. परीक्षकांनी तो मला कौतुकाने दाखवला.

"बघा, एका दिवसात किती सुधारणा."

त्यांच्या सहीखाली माझी सही लागत होती. मी केली.