ऑर्विलची खुंटी

मित्रांनो, मी एक जुने खुंटाळे आहे. पण माझ्यावर कोट, छत्र्या नि पिशव्या टांगत असतील असे समजू नका. पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरात, हरणांच्या शिकारीसाठी बांधलेल्या एका खोपटात दाराशेजारी मी ठोकलेले आहे आणि माझ्यावर बंदुका टांगतात. वर्षातले बहुतेक दिवस मी आणि उंदीर, दोघेच असतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाची टर्की पोटात जिरते न जिरते तोच शिकारीचा हंगाम उघडतो, नारिंगी टोप्या घातलेली माणसे चिखलाचे बूट आपटत आत येतात आणि माझा सण सुरू होतो.

मला ऑर्विलने घडवले. तेव्हा तो ऐन तारुण्यात होता आणि जरा मिजासखोरही होता. माझी फळी चेरीच्या लाकडाची आणि खुंट्या हिकरी नावाच्या चिवट लाकडाच्या. त्याची बायको आर्डिथ हिने तापलेल्या खिळ्याने प्रत्येक खुंटीखाली नाव डागले. आधी दोघांची, मग डेल्बर्टचे, म्हणजे ऑर्विलच्या जिवलग मित्राचे. पुढे मुलगा वेंडेल आणि मुलगी रोझेला बंदूक पेलण्याएवढी झाली तेव्हा त्यांची. वेंडेलच्या नावात तिने एक अक्षर उलटे डागले आहे. ते कुणी सुधारले नाही आणि मलाही ते तसेच आवडते.

या खोपटाचे दोन कायदे होते. पहिला असा, की ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचे शेपूट, म्हणजे मागचा खालचा काठ, कापायचे आणि समोरच्या भिंतीवर ठोकायचे. त्या भिंतीवर निम्म्याहून अधिक शेपटे डेल्बर्टची आहेत. ऑर्विलचे एकही नव्हते आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

दुसरा कायदा माझ्यापाशी चालायचा. या बंदुकांच्या पाठीशी एक लोखंडी दांडा असतो. तो मागे ओढला की आत गोळी आहे की नाही ते दिसते. तो दांडाच काढून घेतला तर बंदूक म्हणजे नुसती काठी. आत येणाऱ्याने दांडा मागे ओढायचा, बंदूक खुंटीला लावायची आणि मोठ्याने म्हणायचे, "रिकामी!" मग खोपटातल्या दुसऱ्या कुणी उठून, वाकून, डोळ्यांनी बघायचे आणि म्हणायचे, "पाहिली!" तोवर कुणी जेवायला बसायचे नाही. हा कायदा ऑर्विलचा आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आर्डिथ गेली त्यानंतर जेवणाच्या टेबलावर भांडणे सुरू झाली. वेंडेलचा गावाबाहेर पेट्रोल पंप आहे. एका संध्याकाळी तो एकटा असताना दोघांनी त्याच्या गळ्याला सुरी लावली होती. तेव्हापासून त्याच्या कंबरेला पिस्तूल आले ते आलेच. रायफल तो माझ्यावर टांगायचा, पण पिस्तूल काढायचा नाही. रोझेला शहरातल्या इस्पितळात परिचारिका आहे, गोळी लागलेली माणसे आणतात त्याच विभागात. आता सांगा, या दोघांना एका टेबलाशी बसवल्यावर सूप गरम कसे राहायचे?

"गाडीला परवाना लागतो, कुत्र्याला परवाना लागतो," रोझेला म्हणायची, "आणि कंबरेला पिस्तूल लावायला काय लागतं? फक्त कंबर!"

"गाडीचा हक्क घटनेत लिहिलेला नाही बाईसाहेब. हा लिहिलाय," वेंडेल पाव मोडत म्हणायचा. "आमच्या रस्त्यावर पोलिसाला फोन केला ना, तर तो येईपर्यंत बटाटे उकडून होतात."

"मी ज्यांना टाके घालते ना, त्यांच्या घरच्यांनाही वाटत होतं की आपल्या घरी असं काही होत नाही."

"आपल्या घरी होत नाहीच!"

"टेबलाशी माणसं चार," ऑर्विल मधेच म्हणायचा. "त्या कंबरेवरच्या पाहुण्यालाही एक ताट मांडू का रे?" मग डेल्बर्ट हसायचा, रोझेला हसायची आणि नाइलाजाने वेंडेलही हसायचा. मला वाटे, भांडोत बापडी. भांडायला तरी एकत्र येतात.

पण मित्रांनो, हळूहळू ऑर्विलचे काहीतरी बिनसू लागले. तो कॉफीत मीठ घालू लागला. रोझेलाला आर्डिथ म्हणून हाक मारू लागला. एकदा माझ्यासमोर बंदूक घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि आपली खुंटी शोधत राहिला. मुलांनी हे पाहिले नाही असे नव्हे. पाहिले आणि मूग गिळून बसली, कारण बापाला काही म्हणायचे तर आधी ते स्वतःशी म्हणावे लागते.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच संध्याकाळी तो ओला होऊन आत आला. त्याने बंदूक खुंटीला लावली. पट्ट्याचा ओळखीचा भार माझ्यावर आला, पण दांड्याचा 'खट्' आवाज काही आला नाही. "रिकामी!" तो खणखणीत म्हणाला.

रोझेला सूप ढवळत होती. "पाहिली, डॅड!" ती पाठमोरीच म्हणाली. वेंडेल बूट ओढत होता, तोही म्हणाला. डेल्बर्ट पत्ते पिसत होता, त्यानेही म्हटले. ऑर्विलची बंदूक काय बघायची? ज्याने कायदा केला त्याचीच बंदूक वाकून बघणे म्हणजे त्याचा अपमान. कितीतरी वर्षे ती कुणी पाहिलीच नव्हती. मला मात्र भार कळत होता. बंदूक कलून नळीचे तोंड भिंतीलगतच्या वेंडेलच्या खुर्चीकडे झाले होते आणि मला तोंड नव्हते.

जेवणे झाली, नेहमीचे भांडण झाले. मग रोझेला फडके घेऊन बापाची बंदूक पुसायला आली. पूर्वी हे काम आर्डिथ करायची. तिने दांडा मागे ओढला आणि एक काडतूस टण्णकन जमिनीवर पडले. घरंगळत गेले ते वेंडेलच्या बुटाला लागून थांबले.

मग रोझेलाचा आवाज फुटला. "उद्यापासून ही बंदूक माझ्या घरी. कुलपात."

"डॅडच्या हातातून बंदूक काढून घेणारी तू कोण गं?" वेंडेल उठलाच. "आज तू, उद्या सरकार!"

"तुझ्याकडे तोंड होतं तिचं, वेंडेल! तुझ्याकडे!"

"माझ्याकडेच होतं ना? मग माझं मी बघेन!"

हे ऐकून एरवी डेल्बर्ट हसला असता. आता तो पत्ते हातात धरून नुसता बसला. मला वाटले, संपले. ही दोन मुले आता दोन वाटांनी जाणार, म्हातारा एकटा उरणार आणि माझ्यावर जाळी धरणार.

"पाहिली कोण म्हणालं?" ऑर्विलने विचारले. आवाज अगदी साधा होता.

रोझेलाचा चेहरा उतरला. "मी. पण मी बघितलं नव्हतं, डॅड."

"मीपण," वेंडेल म्हणाला.

"मी तर पत्त्यांतून मानसुद्धा वर केली नाही," डेल्बर्ट पुटपुटला.

"म्हणजे माझा मान राखत होता होय?" ऑर्विल म्हणाला. "मान राखता राखता पोरगा गमावला असता मी." तो उठला, खिळ्यावरची कात्री काढली आणि सदरा विजारीतून बाहेर ओढला. पण जाड कापड काही त्याच्या कात्रीत धरेना.

"डॅड, नको. तुमचा नेम कुठे चुकलाय?"

"चुकला, पोरा. तू काप."

वेंडेलने कापले. तो कापताना रडत होता आणि आपण रडत नाही असे दाखवायला डेल्बर्टवर उगाच डाफरत होता. भिंतीवर ऑर्विलचे पहिले शेपूट लागले. मग ऑर्विलने बंदुकीचा दांडा काढला. रोझेलाने हात पुढे केला होता. त्याने तो वेंडेलच्या हातात ठेवला.

"माझ्या हक्कासाठी भांडतोस ना? मग हा सांभाळ. मी मागेन. ओरडेन, शिव्या देईन, तुला लाज वाटेल असं बोलेन. तरी देऊ नकोस."

"डॅड, हा तिला द्या ना. तिला हेच हवंय."

"म्हणूनच तुला देतोय."

पुढच्या हंगामात ऑर्विलने दांडा खरेच मागितला. सगळे बोलणे विसरला होता. दारात उभा राहून ओरडला, "माझी बंदूक मोडून ठेवलीस! चोर आहेस तू!" वेंडेलने दांडा दिला नाही. खोपटामागे जाऊन त्याने एवढी लाकडे फोडली की ती आम्हाला अजून पुरताहेत. रोझेलाच मग कॉफी घेऊन त्याच्यापाशी गेली आणि तो कप संपेपर्यंत शेजारी उभी राहिली. डेल्बर्ट ऑर्विलला रानात फिरवून आणतो म्हणाला. ऑर्विल ती बिनदांड्याची बंदूक खांद्याला लावून ऐटीत गेला.

संध्याकाळी दोघे परतले. ऑर्विलने बंदूक माझ्यावर टांगली. त्याचा अंगठा दांडा चाचपत राहिला, तो काही सापडला नाही. "रिकामी!" तो म्हणाला.

रोझेलाने पळी खाली ठेवली. वेंडेल एक बूट पायात, एक हातात, तसाच उठला. डेल्बर्टने पत्ते टाकले. जिच्यातून गोळी उडवायची सोयच उरली नव्हती, त्या बंदुकीत तिघांनी आळीपाळीने वाकून पाहिले. "पाहिली." "पाहिली." "पाहिली, लेका."

मग वेंडेलने कंबरेचे पिस्तूल काढले, गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि ते त्या उलट्या अक्षराच्या नावाच्या खुंटीवर टांगले. "हे मी आपणहून टांगतोय हं," तो बहिणीकडे बोट करून म्हणाला. "कायदा केलात तर नाही टांगणार!"

"गप बस आणि सूप पी," रोझेला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"थांबा," ऑर्विल म्हणाला. "रिकामी कोण म्हणणार?"

"रिकामी, डॅड," वेंडेल म्हणाला.

ऑर्विल वाकला. फार वेळ पाहत राहिला. समोरचा माणूस कोण हे त्याला त्या क्षणी ठाऊक होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण पाहायचे कसे, हे ठाऊक होते. "पाहिली," तो म्हणाला आणि मगच सगळे जेवायला बसले.

मित्रांनो, टेबलावरचे भांडण अजून मिटलेले नाही. ते मिटवणे माझ्यासारख्या लाकडाचे काम नव्हे. मला तेलपाणी नको, रंग नको. एवढेच करा, की ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे त्याचीही बंदूक वाकून बघा. बघा आणि मगच 'पाहिली' म्हणा.