झाकलेल्या ताटातली टाचणी

मित्रांनो, मी एक जुनी टाचणी आहे. तीही वाकडी आणि बिनडोक्याची. हसलात ना? हसा खुशाल! कॅमेऱ्याने आपली कहाणी सांगायला घेतली की सगळे कान टवकारून बसतात, टाचणीला कोण विचारतंय! पण ज्या दिवसाची गोष्ट मला सांगायची आहे, त्या दिवशी कॅमेरा बाहेर अंगणात होता. आत, एका मुलीच्या तोंडात, मी होते. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म कारखान्यातला. तार तोडली, घासून टोक काढलं, डोक्यावर निळा मणी बसवला आणि डबीत भरून मला बाजारात पाठवलं. रत्नागिरीच्या बाजारातून मला उचललं ते नाटे गावच्या एका बाईने. ती हुदाची, म्हणजे माझ्या पुढच्या मालकिणीची, अम्मी. गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. तिने हिरव्या मखमलीची एक छोटी उशी केली होती, आत नारळाचा काथ्या भरलेला. त्या उशीत प्रत्येक टाचणीची जागा ठरलेली. काम संपलं की अम्मी आधी सगळ्या टाचण्या उशीत खोचायची, मगच चहाचा कप हातात घ्यायची. एखादी जागा रिकामी दिसली तर चहा निवून जाईल, पण अम्मी चटईवरून उठायची नाही. छोटी हुदाही तिच्याबरोबर चटई चाचपायची.

हुदा मोठी झाली. तिच्या अब्बांनी कुवेतहून येताना कॅमेरा आणला आणि पोरीला त्याचं वेडच लागलं. लग्नाबिग्नाचे फोटो काढून तिने हात बसवला, पण मन रमलं ते जेवणाच्या फोटोंत. "जेवणाचे फोटो बघून कुणाचं पोट भरलंय का?" असं शेजारीपाजारी म्हणायचे. हुदा नुसती हसायची. पुढे रत्नागिरी शहरातली, समुद्रकाठच्या आरे-वाऱ्याच्या रस्त्यावरची हॉटेलं तिला बोलवू लागली, तेव्हा हेच शेजारी तिची छायाचित्रं पाहुण्यांना कौतुकाने दाखवू लागले. अम्मीने ती मखमली उशी लेकीच्या पिशवीत टाकली. अशी मी कपड्यांतून जेवणात आले.

आता तुम्ही विचाराल, जेवणात टाचणीचं काय काम? अहो, फोटोतलं ताट जसं दिसतं तसं ते आपण होऊन कधी बसतं का? हापूसच्या फोडी पंख्यासारख्या उभ्या राहायच्या तर आतून मला धरून ठेवावं लागतं. रमजानात वाफवलेल्या सांदणांची चळत कलायला लागली की तिच्या पोटातून आरपार मी. कोथिंबिरीचं एक पान वाऱ्याने उडतंय? बोलवा टाचणीला! ऋतू बदलला की ताट बदलायचं, माझं काम मात्र तेच. कुणाला दिसायचं नाही, एवढंच.

एकदा फणसाचे गरे रचताना माझा निळा मणी निघून पडला. मला वाटलं, संपलं आता, टाकणार मला. पण हुदा खूष झाली. मणी नाही म्हटल्यावर मी अजिबात दिसेनाशी झाले. "माझी बिनडोकी कुठाय?" असं ती लाडाने विचारायची. बाकीच्या टाचण्या जळायच्या माझ्यावर. मलाही गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू! मी दिसत नाही, यातच मला मोठेपणा वाटायचा.

तर ती गोष्ट. दसरा होऊन गेला होता. परतीचा पाऊस अजून रेंगाळत होता, पण मिरकरवाडा बंदराला बांगडा भरभरून लागत होता. दिवाळीत पर्यटक येणार म्हणून सखारामभाऊंनी आपल्या खानावळीच्या नव्या फलकासाठी हुदाला बोलावलं. आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर त्यांची खानावळ, राहतं घरही तिथेच. स्वयंपाक चिमाकाकींच्या हातचा. चिमाकाकी सखारामभाऊंची चुलती, बोलायला फटकळ, पण तिच्या तिरफळ घातलेल्या कालवणासाठी लोक वाट वाकडी करून येत. आणि सखारामभाऊंची लेक सानवी, दुसरीत शिकणारी, घरभर नाचणारी.

हुदाने मागच्या खिडकीशी पाटावर ताट मांडलं. तांदळाची भाकरी, भात, कांदा, लिंबू आणि दोन तळलेले बांगडे. तिला बांगड्याची शेपटी वर उचललेली हवी होती, जणू आत्ताच पाण्यातून उडी मारलीय. शेपटी काही राहीना. मग काय, बिनडोकी! कुरकुरीत शेपटीत मला तिरपी खुपसली आणि खालच्या बांगड्याच्या पाठीत माझं टोक रोवलं. शेपटी ताठ उभी राहिली. फोटो असे सुरेख आले की सखारामभाऊ म्हणाले, "आता पर्यटक गाडी थांबवल्याशिवाय जायचा नाय."

फोटो झाल्याबरोबर मला काढायचं, हा हुदाचा नेम. पण तेवढ्यात ढग फाटले आणि अंगणात लख्ख ऊन पडलं.

"हुदा, धाव! सोलकढीचा फोटो घे, ऊन जाईल परत!" सखारामभाऊंनी बाहेरून हाक मारली.

हुदाने कॅमेरा उचलला. जाता जाता तिला खिडकीत मांजर दिसलं. मागे वळून तिने दुसरं ताट घेतलं आणि आमच्यावर पालथं घातलं. येतेच आत्ता परत, असं म्हणत ती गेली. आणि आत काळोख झाला.

मित्रांनो, इथेच घात झाला. हुदाला काय ठाऊक, या घरात झाकलेल्या ताटाचा अर्थ काय तो! जो जेवायला उशिरा येणार, त्याचं ताट वाढून, त्यावर दुसरं ताट पालथं घालून, याच खिडकीशी, याच पाटावर ठेवायची इथली रीत. कुणी कुणाला विचारत नाही, सांगत नाही. झाकलेलं ताट म्हणजे वाट बघत असलेलं ताट. आणि रोज शाळेतून उशिरा येते कोण? सानवी.

मी दप्तर आपटल्याचा आवाज ऐकला. मग नळाचा. मग ओल्या पायांची फतक फतक.

"काकी, माझं ताट?"

"हाय की पाटावर झाकलेलं. तुझ्या बापाशीनं वाढलंन वाटतं. बस गो बायो." चुलीपाशी कढईत वडे सोडता सोडता काकी म्हणाली.

वरचं ताट उचललं गेलं. उजेड आला. सानवीचा चेहरा माझ्यावर वाकला होता. "अय्या, शेपटी उभी!" ती टाळी पिटून हसली. आणि मित्रांनो, माझ्या अंगात कापरं भरलं, कारण इथली पोरं बांगडा कुठून खायला सुरुवात करतात हे मला माहीत होतं. शेपटीपासून. कुरकुरीत तळलेली शेपटी, काट्यासकट, कडाकडा चावून.

थांब! थांब गो! मी ओरडत होते. पण टाचणीचा आवाज कुणाला ऐकू येतो?

तिने शेपटी मोडली आणि तोंडात टाकली. पहिल्याच चाव्याला मी शेपटीतून सुटले, जिभेवरून घसरले आणि घशाच्या तोंडाशी आडवी अडकले. माझं टोक तिच्या नाजूक कातड्यात रुतलं. जन्मभर मी न टोचता राहण्यात भूषण मानलं होतं. त्या क्षणी मात्र मी जीव खाऊन टोचत राहिले. सुटले असते, तर थेट खाली गेले असते.

सानवी चावायची थांबली. डोळ्यांत पाणी आलं. "काकी, काटा..."

"अडकला? थांब, घाबरू नको. आले."

काट्याला इथे एकच औषध. कोरड्या भाताचा मुटका करायचा आणि न चावता गिळायचा, काटा मुटक्याबरोबर खाली. पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्येत आणि काट्याला ते लागूही पडतं. पण मी काटा नव्हते हो! मी पोलाद होते. तो मुटका मला घेऊन खाली गेला असता, तर मी या पोरीचं काय केलं असतं, या विचाराने आजही माझ्या अंगावर गंज चढतो.

तिकडे अंगणात काय चाललं होतं ते मला नंतर उशीतल्या मैत्रिणींनी सांगितलं. पेल्याच्या कडेवर कोथिंबिरीचं पान राहत नव्हतं. हुदाने न बघता पिशवीतल्या उशीकडे हात नेला. माझ्या जागेवर तिचं बोट गेलं आणि तिथे मी नव्हते. ती उशीकडे बघतच राहिली. घरातून सानवीचं "काकी, काटा" ऐकू आलं.

"या अल्लाह!" सोलकढीचा पेला उपडा झाला. हुदा धावत सुटली.

आत काकीने मुटका केला होता, मोठ्या लिंबाएवढा. "आ कर. चावायचा नाय, सरळ गिळायचा." भात सानवीच्या ओठांना लागला. तो मला दिसत होता, पांढरा, गोल, माझ्याकडे सरकणारा.

"काकी, नको! गिळू देऊ नका!"

"अगो, पोरीला काटा लागलाय, ओरडतेस काय अशी!"

"काटा नाही तो, टाचणी आहे! माझी टाचणी आहे!"

काकीच्या हातातला मुटका जमिनीवर पडला. मग सानवीचा चेहरा रडवेला झाला, तिने हुंदका द्यायला श्वास ओढला आणि मी घशाकडे आणखी सरकले. एक हुंदका पुरला असता.

"रडायचं नाय!" काकीने तिची हनुवटी धरली. आवाज कडक होता, पण डोळे भरलेले. "माझ्याकडे बघ, बायो. आ. मोठ्ठा आ. जीभ हलवायची नाय. शाणी माझी ती."

हुदाने खिशातून बारीक चिमटा काढला. याच चिमट्याने ती कोथिंबिरीची पानं मांडायची. मोबाइलचा उजेड सानवीच्या तोंडात पडला. चिमटा आत आला, पण तेलाने मी बुळबुळीत झाले होते. चिमटा निसटला. हुदाने तो पुन्हा आत घातला. तेव्हा काकीने दुसऱ्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आता काढ."

चिमट्याने मला मधोमध पकडलं. मी वाकले, पण सुटले नाही. आणि मी बाहेर आले.

सानवीने भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मला जे वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही. सखारामभाऊ दारात उभे होते. काकीने पोरीला पोटाशी धरलं आणि मग तिचा बांध फुटला. "अन्नात लोखंड घालतेस? खाणाराच्या तोंडात जाईल, एवढंही कळत नाय तुला? पोर गेली असती माझी!"

हुदा खाली मान घालून नुसती रडत होती. मग काकीने विचारलं, "ताट झाकलंन कुणी?"

"मी. मांजर होतं खिडकीत."

काकी खाली बसली. पाटाकडे बघत राहिली. "आणि मी न बघता पोरीला बसवलं," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी सानवीचा घसा तपासला. लहानशी जखम होती, ती भरली. पण पोरीने माशाला हात लावणं सोडलं. ताटात बांगडा दिसला की तोंड मिटून बसायची. हुदाने ते सगळे फोटो पुसून टाकले आणि नाट्याला घरी जाऊन बसली. कॅमेरा पेटीत, आम्ही उशीत. अम्मीने मला बाकीच्या टाचण्यांपासून दूर, उशीच्या कोपऱ्यात वेगळी खोचून ठेवली. रोज हुदा यायची, मला बघायची आणि निघून जायची. ते दिवस फार वाईट गेले.

मग एके दिवशी काकीचाच फोन आला. "फलक कोरा टांगू काय दिवाळीला? ये. टाचण्या तेवढ्या घरी ठेव."

टाचण्या घरी राहिल्या, पण मला हुदाने कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकवून नेलं. म्हणून पुढचंही मी पाहिलं. तीच खिडकी, तोच पाट. शेपटी काही उभी राहीना. काकीने बघितलं, पातेल्यातला मूठभर भात घेतला, दाबून मुटका केला आणि शेपटीखाली ठेवला. शेपटी उभी राहिली. थोडी वाकडी, पण राहिली.

फोटो झाले. या वेळी हुदाने ताट झाकलं नाही. पाटावर मांडी घालून ती स्वतःच त्या ताटावर जेवायला बसली. दाराआडून सानवी बघत होती.

"ताटात टाचणी नाहीये?" तिने लांबूनच विचारलं.

"नाही."

"तू आधी खा. शेपटी."

हुदाने शेपटी मोडली, तोंडात टाकली आणि कडाकडा चावली. सानवी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी घास खाली उतरेपर्यंत. मग पुढे आली, पाटाशी बसली आणि दुसऱ्या बांगड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती शेपटी माझी." काकी पदराने डोळे पुसत चुलीकडे वळली.

तेव्हापासून हुदा ज्या ताटाचा फोटो काढते, त्यातला पहिला घास स्वतः खाते. रमजानात तर ती काम अशा बेताने लावते की शेवटचा फोटो आणि मगरिबची अजान जवळजवळ यावी. मग त्याच ताटावर ती रोजा सोडते. तिच्या फोटोंत आता शेपट्या जरा वाकड्या असतात, फोडी जरा कललेल्या. हॉटेलवाले कुरकुरतात, पण बोलावतात तिलाच.

मी आता कुठल्याच कामाची उरले नाही. गंजही धरलाय. कॅमेऱ्याच्या पट्ट्यात वाकडी होऊन बसले आहे, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी वस्तू हातात घ्याल, तर काम झाल्यावर तिला तिच्या जागी परत ठेवा, आणि जागा रिकामी दिसली तर हातातलं काम सोडून तिला शोधा. आणि दुसऱ्यापुढे ताट ठेवायच्या आधी त्यातला एक घास खाऊन बघा. परवा सानवी पुन्हा भेटली. तिने माझ्या वाकड्या अंगावरून बोट फिरवलं आणि हुदाला म्हणाली, "हिला टाकू नको हं. हिनेच मला सांगितलं होतं, गिळू नको म्हणून."