डार्सीचा भोपळा

कुराबीनच्या पोलिसांना क्रिकेट येत नाही, हे गावात कुणीही शपथेवर सांगेल. तरी दर वसंतात ते शेतकऱ्यांशी सामना खेळतात आणि इमानेइतबारे हरतात. सामना कॉन्स्टेबल डार्सी टूहीच्या नावाचा. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात, बुडालेल्या रस्त्यावर अडकलेल्या वेस गॅड्स्बी या शेतकऱ्याला बाहेर काढताना डार्सी वाहून गेला.

पोलिसांचा संघ दहाच जणांचा असतो. अकरावा डार्सी. नऊ गडी बाद झाले की त्याची बॅट मातीत रोवतात, मुठीवर त्याची टोपी ठेवतात आणि स्टंपांवर एक चेंडू टाकतात. बॅट रोवायची ती स्टंपांपासून चांगली हातभर लांब, कारण चेंडूला भिऊन डार्सी जन्मभर तिकडेच सरकत आला. स्टंप उडाले की सगळं मैदान एका सुरात ओरडतं, "भोपळा!" मग चहा. पहिल्या वर्षी एका बड्या साहेबांनी भाषण केलं होतं. डार्सी असता तर घोरला असता, म्हणून पुढे ते बंदच केलं.

सार्जंट नोरीन पॅस्को पोलिसांची कप्तान. डार्सीबरोबर एकाच गाडीतून गस्त घालता घालता तिचे केस पिकले होते. तिला सामन्याचा कप तर हवाच होता, पण त्याहून जास्त तिला वेस हवा होता. पूर्वी हे तिघं एकाच टेबलावर बियर पीत. पूर ओसरला आणि वेस खाकी दिसली की रस्ता ओलांडू लागला. पेट्रोलसुद्धा तो शेजारच्या गावात जाऊन भरायचा. शेवटी नोरीनने शेतकऱ्यांचा कप्तान, म्हातारा क्लेम, याला गाठलं. एक माणूस कमी आहे असं सांगून वेसला मैदानात आण, आणि डार्सीचा चेंडू त्याच्याच हाती दे, असं तिने बजावलं. तुझ्या घोटाळ्यात मला ओढू नकोस, असं क्लेम म्हणाला, पण वेसला घेऊन आला.

सामना मजेत चालला होता. झाडावरचे मॅगपाय पक्षी टोचा मारतात म्हणून सीमेवरचा माणूस आइस्क्रीमचा डबा डोक्यावर घालून उभा होता आणि सुटलेले झेल डब्यावर ढकलत होता. पोलिसांचे नऊ गडी पडले तेव्हा जिंकायला फक्त पाच धावा हव्या होत्या. एवढ्या जवळ ते कधीच आले नव्हते. बॅट रोवली गेली. नोरीन गोलंदाजाच्या बाजूला, नाबाद. क्लेमने चेंडू वेसच्या हातात ठेवला.

वेसचा चेहरा पडला. त्याने धावत येऊन चेंडू टाकला तो पार बाहेर. वाइड. एक धाव मिळाली आणि चेंडू पुन्हा टाकायचा. दुसराही वाइड, तिसराही. पोलीस बाकांवर चढून नाचू लागले. आणखी एक वाइड पडला की बरोबरी, पुढच्याला विजय. नोरीनच्या मनातही क्षणभर लाडू फुटले. मग तिच्या लक्षात आलं, चेंडू टाकताना वेस स्टंपांकडे बघतच नव्हता.

ती त्याच्याजवळ गेली. "वेस, तू हे मुद्दाम करतोयस."

"मी नाही पाडणार त्याला," वेस म्हणाला. "एकदा पाडलं तेवढं पुरे."

नोरीन भडकलीच. "तू पाडलंस? मी काठावर दोर धरून उभी होते. थांब म्हणून ओरडले, बोटीची वाट बघ म्हटलं. त्याने टोपी माझ्या हातात कोंबली, भिजली तर नवीचे पैसे मागतील म्हणाला, आणि मारली उडी. चेंडूला भिणारा माणूस पुराला भ्याला नाही. ते त्याचं काम होतं, त्याने केलं. ते श्रेय तुझ्या खात्यावर लावून घेऊ नकोस, मी देणार नाही."

वेस तिच्याकडे वळला. "तू माझ्यावर चिडली नाहीस?"

"चिडलेय ना. तीन वर्षं एकटीला बियर प्यायला लावलीस, म्हणून. आता सरळ टाक."

वेसने बाहीने डोळे पुसले आणि धावत आला. मधला स्टंप कोलांटी खात मागे गेला. "भोपळा!" साऱ्या मैदानाने आरोळी ठोकली, आणि सगळ्यांत मोठा आवाज नोरीनचा होता. तिच्या संघातला एक तरणाबांड कॉन्स्टेबल तोंड वाकडं करून म्हणाला, हातातला कप तुम्ही घालवलात. हो, घालवला, ती म्हणाली.

चहाच्या टेबलावर वेस तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"पुढच्या वर्षी कोण टाकणार?" त्याने विचारलं.

"तूच," नोरीन म्हणाली. "दर वर्षी तूच."

त्याने मान डोलावली आणि तिच्या कपात चहा ओतला.