टोपली खाली येते

रजबने भाजीची पिशवी खांद्यावर टाकली आणि शाहीनाझकडे न बघताच तो जिन्यात शिरला.

"पाच मजले चढायचेत त्याला," ती पुटपुटली.

"चढेल की. तरणाताठा आहे," शेजारी उभे असलेले उस्ताद नादिर म्हणाले.

तिच्या कंपनीत पैसा घालायचा की नाही, हे आज तेच ठरवणार होते. त्यांची अट एकच होती. माल दारात पोचवायचा. सज्जातून दोरीने सोडलेल्या टोपलीत भाजी ठेवणं ही म्हाताऱ्यांची हौस झाली, त्यावर धंदा उभा राहत नाही.

शाहीनाझने तर कंपनीचं नावच 'टोपली' ठेवलं होतं. एवढं एक सोडलं तर काय बिघडलं, अशी ती कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत होती. रजबसारख्यांचे पगार तरी सुटतील. पण होकार ओठांशी येऊन अडायचा. म्हणून आज दारात माल पोचवून बघायची ही परीक्षा.

वर पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या हज्जा इन्साफच्या सज्जातून रेडिओवरचं पैगंबरांचं स्तुतिगान ओघळत होतं. गाणाऱ्याने ते नाव असं काही आळवलं, की बोळातला इस्त्रीवाला हातातली इस्त्री उचलून तसाच थांबला. शाहीनाझचेही डोळे क्षणभर मिटले.

तेवढ्यात वर दारावर थाप पडली. सज्जा उघडा होता, सगळं खाली ऐकू येत होतं.

"कोण आहे?"

"रजब, हज्जा. भाजी आणलीय."

"रजब खालून हाक मारतो. तू वर कशाला तडफडलास?"

"कंपनीचा नवा नियम आहे."

"घरात मी एकटी, आणि पुरुषमाणसाला दार उघडू? तुझ्या नियमाला म्हणावं, थोडी लाज बाळग. जा बाळा खाली. मी टोपली सोडते."

इस्त्रीवाला फिस्सकन हसला. नादिर बुटांकडे बघू लागले.

रजब धापा टाकत उतरला. 'बिस्मिल्ला' म्हणत सोडलेली टोपली भाजी घेऊन वर गेली. हज्जाने कठड्यावरून वाकून एक टोमॅटो उन्हात धरला.

"निवडताना डोळे मिटले होतेस का रे? आणि तो कोटवाला कोण? किती वाळलाय."

"मी गुंतवणूक..." नादिर अडखळले.

"ते राहू दे. तू कुणाचा?"

नादिरनी मान वर केली. "शुब्रा मोहल्ल्यातल्या फौझी सुताराचा मुलगा, हज्जा."

"मग असं सांग की. थांब, लोण्यातली फतीर रोटी भाजलीय. गरम आहे तोवर खा."

ती आत गेली. शाहीनाझने ओढणी सारखी केली. आता तिचा आवाज अडला नाही.

"उस्ताद, आम्ही हाक खालूनच मारणार. तुम्ही पैसे घाला, नाहीतर घालू नका."

टोपली हेलकावे खात खाली येत होती. सवयीने शाहीनाझ पुढे झाली, आणि मग एक पाऊल मागे सरली.

नादिरनी कोट काढून तिच्या हातात दिला होता, आणि टोपली धरायला दोन्ही हात वर केले होते.